दुसऱ्या मालकाची दाद

रिसेलचा फ्लॅट घेतलेल्या माणसाच्या बेडरूममध्ये दुसऱ्याच पावसाळ्यात ओल उमटते. प्लास्टर फुगतं, कॉलमला उभा तडा दिसतो. सोसायटीने बोलावलेला इंजिनिअर हातोडीने ठोकून पाहतो आणि सांगतो, की आतली सळई गंजली आहे, सळईवर काँक्रीटचं कव्हर पुरेसं ठेवलेलंच नव्हतं. बिल्डर त्याच शहरात असतो, त्याची नवी स्कीमही जोरात चालू असते. त्याला पत्र दिलं की उत्तर येतं : आमचा करार मूळ फ्लॅटधारकाशी होता, तुमच्याशी नाही. मूळ मालकाकडे जावं, तर तो म्हणतो, घर होतं तसं विकलं, तुम्ही पाहूनच घेतलंत. भिंत एकाने वाईट बांधली, घराचे पैसे दुसऱ्याने घेतले आणि दुरुस्तीचा खर्च तिसऱ्याच्या माथी आला.

बिल्डरच्या या उत्तराला पावणेदोनशे वर्षांहून अधिक मोठा इतिहास आहे. तो नीट पाहिला, तर हे उत्तर आज किती खरं आणि किती पोकळ आहे ते कळतं.

१८४२ साली इंग्लंडच्या एक्सचेकर न्यायालयात विंटरबॉटम विरुद्ध राइट हा खटला उभा राहिला. टपाल वाहून नेणाऱ्या घोडागाड्या पुरवण्याचा आणि त्या ठाकठीक ठेवण्याचा करार राइटने पोस्टमास्टर जनरलशी केला होता. विंटरबॉटम हा गाडीवान. त्याची नोकरी वेगळ्याच ठेकेदाराकडे होती. सदोष गाडी वाटेत मोडली, तो खाली फेकला गेला आणि कायमचा लंगडा झाला. न्यायालयाने त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं. राइटचा करार पोस्टमास्टर जनरलशी होता, तेव्हा दाद मागायची तर ती त्यांनीच, असं ठरलं. न्यायमूर्तींना भीती होती, की गाडीवानाला दार उघडलं तर उद्या गाडीतला प्रत्येक उतारू आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक जण दावा लावील. करारातल्या दोघांपुरतीच जबाबदारी, कराराबाहेरच्या माणसाला दाद नाही, हा नियम या निकालाने पक्का केला. घराच्या दुसऱ्या मालकाला आज मिळणारं उत्तर या घोडागाडीतून उतरलेलं आहे.

त्याआधी जग असा विचार करत नव्हतं. आजपासून साधारण ३७५० वर्षांपूर्वीच्या हम्मुराबीच्या संहितेत घर बांधणाऱ्यासाठी सलग कलमं आहेत. घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड, हे कलम प्रसिद्ध आहे. मला त्याच यादीतलं शेवटचं, २३३ क्रमांकाचं कलम जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यात कोणी मेलेलं नाही. बांधलेली भिंत कललेली आहे, एवढंच. ती बांधणाऱ्याने स्वतःच्या पैशाने मजबूत करून द्यायची. आजच्या दोषदायित्वाच्या कलमाचा सगळा अर्थ तिथे आला आहे.

फ्रान्सने ही वाट सोडली नाही. नेपोलियनच्या १८०४ च्या नागरी संहितेत कलम १७९२ ने वास्तुरचनाकार आणि ठेकेदार यांच्यावर इमारतीसाठी १० वर्षांची जबाबदारी टाकली. ४ जानेवारी १९७८ च्या कायद्याने ते कलम नव्याने लिहिलं गेलं. बांधणारा हा इमारतीच्या मूळ मालकालाच नव्हे, तर ती पुढे विकत घेणाऱ्यालाही जबाबदार राहील, असं त्यात स्पष्ट आलं. सोबत विमा सक्तीचा झाला. घर विकलं गेलं की १० वर्षांतला उरलेला हक्क घराबरोबर पुढे जातो. नव्या मालकाला आपला करार कोणाशी होता हे सिद्ध करत बसावं लागत नाही. जबाबदारी माणसाशी बांधायची की वास्तूशी, हा या साऱ्या इतिहासातला मूळ प्रश्न आहे आणि फ्रान्सने तो वास्तूच्या बाजूने सोडवला.

आपल्याकडे राज्य इंग्रजांचं होतं, म्हणून वाट इंग्लंडची आली. १८७२ चा करार कायदा आणि १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा ही दोन्ही त्या काळाची अपत्यं. दुसऱ्या कायद्याचं कलम ५५ सांगतं, की विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. दुसऱ्या मालकाच्या हातात हे हत्यार आहे खरं, पण ते रोखलं जातं ते पहिल्या मालकावर. त्यालाही बहुधा स्लॅबच्या आत काय आहे ते माहीत नसतं. दोष ज्याने केला आणि ज्याला ठाऊक होता, तो या कलमाच्या कक्षेबाहेर उभा राहतो.

तरी भारतातल्या खटल्यांत विंटरबॉटमचा नियम डोळे मिटून लावला गेला नाही. १९१० साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापुढे, ख्वाजा मुहम्मद खान विरुद्ध हुसैनी बेगम हा खटला आला. १८७७ मध्ये लग्न ठरवताना नवऱ्या मुलाच्या वडिलांनी मुलीच्या वडिलांना लिहून दिलं होतं, की सुनेला ‘खर्च-ए-पानदान’ म्हणून महिना ५०० रुपये देऊ. करार दोन व्याह्यांमधला, सून त्यात सहीदार नव्हती. पुढे सून सासर सोडून गेली, पैसे थांबले, तिने दावा लावला. कराराबाहेरच्या माणसाचा इंग्लिश नियम इथल्या परिस्थितीला जसाच्या तसा लावला तर अन्याय होईल, हे प्रिव्ही कौन्सिलने ओळखलं आणि तिच्या बाजूने निकाल दिला. ज्याच्या लाभासाठी करार झाला तोही दाद मागू शकतो, ही कल्पना अशी आपल्याकडे रुजली. ग्राहक कायद्यात ती पुन्हा भेटते.

इंग्लंडमध्ये वस्तूंच्या बाबतीत घोडागाडीचा नियम १९३२ मध्ये मोडला. मैत्रिणीने घेऊन दिलेल्या जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय निघाल्याची तक्रार करणाऱ्या बाईचा तो डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन खटला. पैसे तिने दिले नव्हते, तरी बाटली भरणाऱ्यावर तिच्याविषयी काळजी घेण्याचं कर्तव्य होतं, असं हाऊस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं. अमेरिकेत हेच काम १९१६ साली ब्युइक मोटारीच्या मोडलेल्या लाकडी चाकाने केलं होतं. मात्र बाटलीला आणि मोटारीला मिळालेला न्याय घराला मिळाला नाही. डोनोह्यू खटल्याच्याच सुमारास इंग्लंडमध्ये एका तरुण जोडप्याचा नव्या घरातल्या गॅस बॉयलरच्या धुराने जीव गेला आणि घर बांधून विकणारा जबाबदार नाही, असा निकाल लागला. जमीन आणि तिच्यावरचं बांधकाम हा वेगळा विषय, तिथे घेणाऱ्याने आपली आपण काळजी घ्यावी, ही जुनी समजूत जज्जांच्या मनातून जात नव्हती. माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी सगळ्यात कमी संरक्षित राहिली.

ही समजूत हलवली ती एका दुसऱ्या मालकिणीनेच. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बोग्नर रीजिस इथे कचऱ्याच्या भरावावर बांधलेलं एक घर पहिल्या मालकाने वर्षभरात मिसेस डटन यांना विकलं. लवकरच भिंतींना तडे गेले, जिना सरकला, दारं-खिडक्या लागेनात. तेव्हाचा कायदा पाहता बिल्डरवर दावा टिकणार नाही असं वाटत होतं, म्हणून त्याच्याशी तडजोड करून त्या पाया तपासून मंजूर करणाऱ्या नगर परिषदेवर गेल्या. लॉर्ड डेनिंग यांच्या अपील न्यायालयाने परिषदेला जबाबदार धरलंच. शिवाय घर विकणाऱ्या बिल्डरला मिळालेलं अभय यापुढे चालणार नाही, असंही डेनिंग यांनी म्हटलं. १९७७ च्या अ‍ॅन्स खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने त्याच दिशेने पाऊल टाकलं. तिथे पाया ३ फुटांऐवजी अडीच फुटांचा घातला होता आणि दावेदारांत हस्तांतरणाने घर घेतलेलेही होते.

मग १९९० मध्ये काटा उलटा फिरला. मर्फी विरुद्ध ब्रेंटवूड खटल्यात सात लॉर्ड एकत्र बसले आणि अ‍ॅन्सचा निकाल रद्द झाला. तर्क असा : सदोष भिंत पडून कोणी जखमी झालं तर ती हानी. भिंत नुसती तडकली आणि घराची किंमत उतरली तर तो निव्वळ आर्थिक तोटा, आणि तो फक्त करारातूनच वसूल होतो. या तर्काचा शेवट विचित्र आहे. वेळीच तडा ओळखून, स्वतःच्या खर्चाने भिंत सावरून, लोकांचे जीव वाचवणाऱ्याला काहीच मिळत नाही. भिंत पडू देणाऱ्याला भरपाई मिळते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये नेमकं हेच बोलून दाखवलं. विनिपेगमधल्या एका इमारतीच्या नवव्या मजल्यावरून दगडी आच्छादनाचा मोठा तुकडा खाली कोसळला होता. त्या वेळची मालक संस्था नंतर आलेली होती, बांधणाऱ्या कंपनीशी तिचा कसलाही करार नव्हता. तरीही धोकादायक दोष दूर करण्याचा खर्च मागायचा हक्क तिला आहे, असं ठरलं.

अमेरिकेतल्या राज्यांमध्ये अजून एकमत नाही. टेक्सासने १९६८ मध्ये नव्या घराला राहण्याजोगेपणाची गर्भित हमी चिकटवली. इंडियानाने १९७६ मध्ये आणि इलिनॉयने १९८२ मध्ये ती पुढच्या मालकापर्यंत नेली. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दुसऱ्या मालकाला नकार दिला आणि हे काम विधिमंडळाचं आहे म्हणून हात आवरले.

इंग्लंडमध्ये विधिमंडळाने ते काम केलेलं होतं, पण अर्धंच. १९७२ च्या डिफेक्टिव्ह प्रिमायसेस अ‍ॅक्टने घर बांधणाऱ्याचं कर्तव्य त्या घरात पुढे हक्क मिळवणाऱ्या प्रत्येकाप्रती आहे असं लिहिलं, पण मुदत ठेवली ६ वर्षांची. १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली, ७२ माणसं गेली, आणि देशभरच्या इमारतींवरचं ज्वालाग्राही आच्छादन उजेडात आलं. तेव्हा कळलं, की दोष दिसेपर्यंत बहुतेकांची मुदत उलटून गेली आहे. २०२२ च्या कायद्याने मुदत पुढच्या बांधकामांसाठी १५ वर्षं आणि आधीच्या बांधकामांसाठी मागे जाऊन ३० वर्षं केली. इतकी माणसं गमावल्यावर उमगलेली ही गोष्ट आपल्याला फुकट शिकता येण्यासारखी आहे.

मुंबईत हा प्रश्न उशिरा जन्माला आला, कारण लोक भाड्याने राहत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाड्यासाठी घरं बांधण्यात कोणाला रस उरला नाही आणि मालकीच्या फ्लॅटचा धंदा वाढला. त्याबरोबर फसवणूकही वाढली. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा २० मे १९६० ला सरकारने या गैरप्रकारांची चौकशी करायला समिती नेमली. तिच्या अहवालातून १९६३ चा महाराष्ट्र मालकी फ्लॅट कायदा, म्हणजे मोफा, आला. कलम ७ ने सांगितलं, की मंजूर नकाशाप्रमाणे बांधा, आणि ताबा दिल्यापासून ठरावीक मुदतीत बांधकामाचा किंवा मालाचा दोष नजरेस आणला तर पैसे न घेता दुरुस्त करा, नाहीतर भरपाई द्या. आजच्या मजकुरात ती मुदत ३ वर्षांची आहे. देशात असा कायदा आपण फार आधी केला, याचा मराठी माणसाला अभिमान वाटायला हरकत नाही. पण हा हक्क त्या कलमाने दिला तो फ्लॅट घेण्याचं कबूल केलेल्यांना, म्हणजे बिल्डरशी करार केलेल्यांना. पुढच्या मालकाचं नाव त्यात नव्हतं.

त्याला आधार होता तो सोसायटीचा. रिसेलमध्ये फ्लॅट घेणारा माणूस ट्रान्सफर फी भरतो, शेअर सर्टिफिकेटवर आपलं नाव चढवून घेतो आणि सभासद होतो. गच्ची, कॉलम, पाण्याची टाकी, ड्रेनेज हे कोणा एका फ्लॅटचं नसतं, तिथला दोष हा सोसायटीचा दोष. म्हणून दुसऱ्या मालकाचं भांडण पुष्कळदा सोसायटीच्या लेटरहेडवरून लढलं गेलं आहे. मात्र बिल्डरनेच वर्षानुवर्षं सोसायटीला कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारतीच्या मालकीचा दस्त, दिलेला नाही अशा ठिकाणी हा आधारही लटका पडे. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरने सही न करताही मालकी सोसायटीकडे नेण्याची सोय, आलं, ते या रोगावरचं औषध.

खरी फट पडली ती ग्राहक कायद्यामुळे. १९८६ च्या कायद्यात घरबांधणीचा उल्लेख नव्हता. १९९३ च्या दुरुस्तीने सेवेच्या व्याख्येत तो घातला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात घर बांधून देणं ही सेवाच आहे, असं ठासून सांगितलं. ग्राहक कोण, याच्या उत्तरात पैसे देणाऱ्याबरोबर त्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाराही होता. पानदानाच्या खर्चासाठी झगडणाऱ्या त्या सुनेची जागा आता फ्लॅटचा दुसरा मालक घेऊ शकत होता.

तरी २००८ मध्ये हरियाणातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हात आखडता घेतला. उशीर झालेला आहे हे माहीत असूनच ज्याने वाटपातली जागा पुढे विकत घेतली, त्याला उशिराबद्दल व्याज कसलं, असा त्याचा सूर होता. बिल्डरांच्या वकिलांनी हा निकाल सगळीकडे वापरला. त्याला उत्तर मिळायला जुलै २०२१ उजाडलं. नोएडातल्या लॉरिएट बिल्डवेलच्या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, की नंतरचा खरेदीदार मूळ खरेदीदाराच्या जागी उभा राहतो आणि केवळ तो नंतर आला म्हणून त्याला सरसकट दाद नाकारणं हा बरोबर कायदा नाही. तो खटला ताब्याच्या उशिराचा आणि पैसे परत मिळण्याचा होता, भिंतीच्या तड्याचा नव्हता. पण ‘तुमच्याशी आमचा करार नाही’ या उत्तराचा कणा त्याने मोडला, हे माझं मत आहे.

त्याआधीच रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायदा, आला होता. १ मे २०१७ पासून त्याची महत्त्वाची कलमं लागू झाली आणि ज्या प्रकल्पांना त्या दिवशी पूर्णत्वाचा दाखला नव्हता तेही त्याच्या कक्षेत आले. त्यातल्या वाटपदार, म्हणजे बिल्डरकडून फ्लॅट मिळालेला, या शब्दाच्या व्याख्येतच विक्रीने किंवा अन्य मार्गाने ते वाटप पुढे मिळवणारा माणूस येतो. ताबा, नोंदणी सगळं आटोपल्यावर घेतलेल्या घराला हे लागू नाही, असा युक्तिवाद बिल्डर करतात. पण दोषाचं कलमच ताब्यानंतरच्या काळासाठी आहे, तेव्हा हा अर्थ मला पटत नाही. कलम १४(३) म्हणतं, की ताब्यापासून ५ वर्षांत रचनेचा, कारागिरीचा, दर्जाचा किंवा सोयींचा दोष नजरेस आणला तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा, न केल्यास भरपाई द्यावी. विंटरबॉटमपासून अडलेलं दार इथे कायद्याने उघडलं.

पण दाराशी आता घड्याळ लावलं आहे. ५ वर्षं मोजली जातात ती पहिल्या ताब्यापासून. २०१९ ला ताबा दिलेला फ्लॅट कोणी २०२३ ला घेतला, तर त्याच्या वाट्याला जेमतेम एक वर्ष, म्हणजे एक पावसाळा येतो. आणि काँक्रीट या घड्याळाने चालत नाही. नव्या काँक्रीटचा अल्कधर्म सळईला गंजापासून वाचवतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड किंवा खाऱ्या पाण्यातलं, वाळूतलं क्लोराइड झिरपत सळईपर्यंत पोचलं, की ते संरक्षण संपतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि आतून काँक्रीट फोडतो. कव्हर कमी असेल तर हे लवकर होतं, पण लवकर म्हणजेही काही वर्षं. गुरुग्राममध्ये फेब्रुवारी २०२२ ला चिंटेल्स पॅराडिसो या संकुलातले स्लॅब कोसळून दोन स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. आयआयटी दिल्लीच्या तपासणीत तिथल्या काँक्रीटमध्ये क्लोराइड आढळलं. ते बाहेरच्या रंगावरून कोणाला दिसणार होतं? महाडची तारिक गार्डन ही इमारत २४ ऑगस्ट २०२० ला पडली तेव्हा फार तर १० वर्षांची होती. १६ जणांचा जीव गेला.

रेराच्या आतच एक विसंगती आहे, ती मला सहन होत नाही. जमिनीच्या मालकीहक्कात खोट निघाली तर कलम १८(२) नुसार भरपाईला कुठलीच कालमर्यादा नाही. कागदातला दोष कधीही उकरता येतो, कॉलममधला दोष मात्र पाच वर्षांनी बिल्डरला माफ होतो. दोन्ही दोष घेणाऱ्याला तितकेच अदृश्य असतात, आणि जीव फक्त दुसऱ्याने जातो.

म्हणून रिसेलचा फ्लॅट घेणाऱ्याने भाव ठरवण्याआधी मूळ करारनामा, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आणि पहिल्या ताब्याचं पत्र मागावं. ५ वर्षांची तारीख तिथून निघते. विक्रीच्या दस्तात, मूळ करारातले बिल्डरविरुद्धचे सगळे हक्क खरेदीदाराकडे दिले, असं कलम घालून घ्यावं. फ्लॅट हस्तांतरित झाल्याचं बिल्डरला लेखी कळवावं आणि त्याची पोच ठेवावी. अंतर्गत बदल केले तर दोषदायित्व संपेल अशी अट अनेक करारनाम्यांत असते, तेव्हा आधीच्या मालकाने कोणती भिंत पाडली होती हेही विचारावं. सोसायट्यांनी चौथं वर्ष संपायच्या आत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून इमारत तपासून घ्यावी आणि दोषांची यादी लेखी नोटिशीने बिल्डरला द्यावी. कायद्याला हवं असतं ते दोष मुदतीत नजरेस आणणं, आणि एकदा आणला की तो नव्या मालकाच्याही उपयोगी पडतो. तक्रार रेराकडे न्यायची तर ती वाटपदारांची संघटनाही नेऊ शकते, कलम ३१ ने तशी सोय ठेवली आहे.

मुदत वाढवण्याचा प्रश्न संसदेचा आहे. रचनेच्या दोषांना फ्रान्ससारखी १० वर्षं मिळायला हवीत आणि त्यामागे विमाही हवा, कारण प्रकल्पापुरती काढलेली कंपनी १० वर्षांनी शिल्लक असेलच असं नाही. विम्याची तरतूद मात्र आपल्या कायद्यात आधीपासून आहे. रेराचं कलम १६ म्हणतं, की बिल्डरने जमिनीच्या हक्काचा आणि बांधकामाचा विमा काढावा आणि त्याचा लाभ फ्लॅट घेणाऱ्यांकडे व त्यांच्या संघटनेकडे जावा. पण राज्य सरकार अधिसूचना काढील तेव्हा आणि तेवढ्याच गोष्टींसाठी ते बंधनकारक होतं. तेव्हा संसदेची वाट पाहत असताना सोसायट्यांच्या महासंघांनी पहिली मागणी मंत्रालयात नेली पाहिजे : बांधकामाच्या विम्याची अधिसूचना काढा.